मुक्ताबाईची साक्ष, काशम्माचा आवाज

सांगोल्याकडच्या धुळा धनगराची लेक मुक्ताबाई बोलायला लागली की पहिलंच अक्षर अडून बसायचं. पाणी मागायचं तर ‘पा-पा-पा’ होईस्तोवर समोरचा उठून तांब्या भरून आणायचा. म्हणून ती गप्पच राहायची. पुढं सोलापुरात येऊन ती गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात लागली, आणि तिथं एक नवल झालं. यंत्रांच्या धडधडाटात कुणाचा आवाज कुणाला ऐकू येत नसे. बाया नुसते ओठ हलवायच्या, समोरची ओठ वाचायची. आवाज काढायचा नाही म्हटल्यावर मुक्ताबाई अशी सुटली, की दोन महिन्यांत खात्यातली सगळ्यांत बोलकी बाई तीच.

एकोणीसशे एकोणतीस साली तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, रावजीनं, बाप्तिस्मा घेतला. तेव्हापासून ती गिरणीच्या पहिल्या भोंग्याआधी उठून चुलीपुढं बसायची. देवाशीही नुसत्या ओठांनीच बोलायची. मागणं एकच: आज एकीला तरी तुझं सांगू दे.

समोरच्या यंत्रावर काशम्मा होती, तेलुगू विणकराच्या घरची. मुक्ताबाईनं तिला आपल्या बापाची गोष्ट सांगितली. एक लंगडी मेंढी चुकली, तर बाकीचा कळप भावाच्या हवाली करून बाप दोन दिवस काट्याकुट्यांत हिंडला. परत आला तेव्हा पायात एकच वहाण, खांद्यावर मेंढी, आणि हसू तोंडात मावत नव्हतं.

‘देवानं मला तशी हुडकली,’ मुक्ताबाईचे ओठ म्हणाले. ‘मी तीच मेंढी.’

हळूहळू चार-पाच जणींच्या माना तिच्याकडं वळू लागल्या. खात्यातल्या बायांवर देखरेख करणाऱ्या नायकीण गोजरबाईला वाटलं, संपाची मसलत चाललीय. तिनं मुक्ताबाईला बाहेर पटांगणात नेलं.

“काय शिजतंय तुमचं?”

“मे-मे-मे...”

“मेंढरू झालीस व्हय?”

मुक्ताबाईनं अगदी मनापासून मान हलवली. तिला तेच तर सांगायचं होतं. गोजरबाईनं पदर तोंडाला लावला, हसता हसता ठसका लागला, आणि तिनं हातानंच ‘जा, कामाला लाग’ केलं.

मग प्रार्थनामंदिराच्या पाळकसाहेबांनी सांगितलं, येत्या रविवारी तुम्ही साक्ष द्या, देवानं तुम्हाला कसं हुडकलं ते सगळ्यांपुढं सांगा. तीन दिवस ती देवाला विनवत होती की दुसरं कुणी बघ. चौथ्या दिवशी तिनं विनवणं सोडलं आणि लुगडं धुवायला काढलं.

रविवारी प्रार्थनामंदिर भरलं होतं. काशम्माही आली होती, नुसती गंमत बघायला, मागं दाराशी बसली होती. मुक्ताबाई उभी राहिली. “मा-मा-मा...” पुढं काही निघेना.

मागून काशम्मा उठली. “आवाज राहू दे की गं. ओठ हलीव. मी सांगते.”

मुक्ताबाईचे ओठ सुरू झाले आणि काशम्मा आपल्या तेलुगू वळणाच्या मराठीत खणखणीत बोलू लागली. बाप, मेंढी, एक वहाण, सगळं आलं. लोक एकदा पुढं बघत, एकदा मागं. मध्येच काशम्मा थांबली.

“हे मी म्हणते हां, ती न्हाय. देवाला येवढा येळ हाय काय, येकीच्या मागं हिंडायला?”

मुक्ताबाईनं तिथूनच ओठ हलवले. काशम्मा ते वाचून पदर सावरू लागली.

“काय म्हणाल्या?” पाळकसाहेबांनी विचारलं.

“म्हणतीया,” काशम्मा पुटपुटली, “सध्या तुज्याच मागं हिंडतोय.”

सगळं मंदिर हसलं. काशम्मा लाजून खाली बसली आणि मग तीही हसत सुटली. मुक्ताबाईला तर वाटलं, आता आपले पाय जमिनीला लागत नाहीत.

त्यानंतर कुणाची बैलगाडी मिळेल त्या रविवारी दुपारी दोघी जवळच्या कुंभारी गावाला देवाचं सांगायला जायच्या. झाडाखाली एक ओठ हलवायची, दुसरी बोलायची. बाया कामं टाकून बघायला जमत.

एकदा एकीनं विचारलं, “तुमच्यातली किरिस्ताव कोण?”

“ही पक्की,” काशम्मा म्हणाली. “माजं अजून चाललंय.”