तत्त्वज्ञानाच्या पेपरला आलेली बाई

आश्रमाच्या कॉलेजात शिकत असताना माझा देवावरचा विश्वास उडाला, हे सांगायला मला आजही जड जातं. मी जन्मापासून आंधळी. इटियाडोह धरणाच्या कालव्यावर आमचं धानाचं शेत आहे. लहानपणी घरी येणारीजाणारी माणसं माझ्यासमोरच आईला म्हणायची, मागच्या जन्माचं काहीतरी असेल, पोरीला देवाचं नाम घ्यायला लाव. आई घ्यायची, मीही घ्यायची. पुढं देवरीच्या रस्त्यावर महाराजांच्या समाधीभोवती जो आश्रम आहे, त्या आश्रमानंच चालवलेल्या लहानशा कला महाविद्यालयात मी बी.ए.ला आले आणि तिथल्याच वसतिगृहात राहू लागले. संध्याकाळच्या आरतीला सगळ्या मुलींना जावं लागे. एकदा टाळ वाजवता वाजवता मनात आलं, मला ही शिक्षा ज्यानं दिली, त्याच्याचसाठी मी टाळ वाजवते आहे की काय? त्या दिवसापासून टाळ माझ्या हातात असायचे, पण वाजायचे नाहीत.

भीत भीत मी हे तत्त्वज्ञानाच्या सरांना सांगितलं. वाटलं, आश्रमाचं कॉलेज, आता माझी तक्रार महाराजांच्या ट्रस्टकडं जाईल. सर गोंदिया शहरातले, त्यांच्या बोलण्यात निम्मी हिंदी. ते जोरात हसले आणि म्हणाले, "अरे वा, बेटा! अच्छा सवाल है. याच्यावर आपल्याला पूर्ण प्रकरण आहे. सोमवारी सुरू करतो." मला तो सोमवार येईपर्यंत चैन पडेना. ज्या प्रश्नासाठी घरी मार बसला असता, त्यावर प्रकरण आहे! देव आहे तर दुःख का, या प्रश्नाला नाव आहे, अशुभाची समस्या! शेकडो वर्षं माणसं त्यावर भांडत आलीत! सोमवारी मी अर्धा तास आधी वर्गात जाऊन बसले. पुढची दोन वर्षं अशीच गेली. सर धडे फोनमध्ये रेकॉर्ड करून देत. इतिहासाच्या मॅडम जुन्या विटा, खापरं, नाणी माझ्या हातात ठेवून काळ सांगत. अभ्यास करून मी दमले असेन, कंटाळले मात्र कधी नाही. फक्त समाधीकडं माझी पावलं आपणहून वळत नव्हती.

शेवटच्या वर्षाचा शेवटचा पेपर तत्त्वज्ञानाचा होता, दुपारी अडीचला. मी उत्तरं सांगायची आणि लेखनिकानं ती लिहायची, अशी माझी परीक्षा असते. माझी लेखनिक म्हणजे गावातली बारावी झालेली एक मुलगी. त्या सकाळी तिच्या आईचा फोन आला, पोरीला कांजण्या निघाल्यात. वसतिगृहातल्या सगळ्या मुलींची स्वतःचीच परीक्षा, त्यांना माझं लिहिता येणार नाही. सर आणि मॅडम दोघंही फोनला लागले. कुणी लग्नाला गेलेलं, कुणी मोहफुलं वेचायला जंगलात, तिथं फोन लागेना. प्राचार्य भला माणूस, पण त्यांचेही हात बांधलेले. ते म्हणाले, "लेखनिक बदलायची परवानगी देतो. पण माणूस, त्याचं आधार आणि बारावीची मार्कशीट, तिन्ही पेपरच्या आधी माझ्या टेबलावर पाहिजे."

दीड वाजला तेव्हा मी काठी घेतली आणि उठले. कुठं जायचं ते ठरवलं नव्हतं. पायाखाली गार फरशी लागली तेव्हा कळलं, समाधीच्या सभामंडपात आले आहे. मी हात जोडले नाहीत. खांबाला टेकून बसले आणि चक्क मोठ्यानं बोलले, "मला जे करता येत होतं ते मी केलं. आता माझ्या हातात काही नाही. तू असशील तर तू बघ, नसशील तर नसशील." एवढं म्हटल्यावर रडू आलं, आणि त्याबरोबर इतकं हलकं वाटलं की मलाच नवल वाटलं.

"काऊन रडून राहिली वं बाई?"

आवाज जवळूनच आला. सोबत प्लॅस्टिकच्या फाइलचा कडकड आवाज झाला. तिथं कुणी आहे हे मला ठाऊकच नव्हतं. मी ओशाळले, पण सांगितलं सगळं. ती म्हणाली, "मी चिचगडची. अंगनवाडीच्या जागेचा फारम घेऊन आलतो. हापिसात म्हनते, तारीख कालच सरली. गाडीले अजून टाइम हाये म्हून पानी पियाले आत आलो." पुन्हा फाइल कडकडली. "मले लिवता येते. बारावी पास हाव. मार्कशीट हाये इथंच, आधारबी हाये. चालते का?"

मी तिचा हात इतका घट्ट धरला की ती "अवं!" म्हणून ओरडली. आम्ही दोघी त्या उन्हात अक्षरशः पळालो. ती मला ओढत होती आणि मी तिला वाट सांगत होते! प्राचार्यांनी कागद पाहिले, सह्या घेतल्या. तिचं नाव सुशीला मडावी, हे मला तिथं कळलं. दारात सर म्हणाले, "ताई, तुमची बस निघून जाईल." ती म्हणाली, "जाऊ द्या बस." मॅडमनी लगेच सांगितलं, "मी गाडीनं घरी सोडते, काळजी करू नका."

पहिली पंधरा मिनिटं फार वाईट गेली. शाळा सुटल्यापासून तिनं सलग असं काही लिहिलंच नव्हतं. पेन कागदावर ओढल्यासारखं चालायचं, मध्येच थांबायचं. अवघड शब्द मी एकेक अक्षर फोडून सांगत होते आणि मनात वेळ मोजत होते. मग कधीतरी त्या पेनाला लय सापडली. मी वाक्य संपवायचे आणि तिचं पेन माझ्यामागे अर्ध्या श्वासावर यायचं. मला आनंदाचं भरतंच आलं. मी बोलत सुटले.

चौथा प्रश्न अशुभाच्या समस्येचा होता. पाठ केलेलं उत्तर तयार होतं. पण का कोण जाणे, मी ते बाजूला ठेवलं आणि सरळ सांगायला लागले. सगळ्या बाजू मांडल्या, आणि शेवटी म्हटलं, 'दुःख भोगणाऱ्या माणसाला ते त्याच्या मागल्या जन्माचं पाप आहे असं सांगितल्यानं त्याचं दुःख समजत नाही. सांगणाऱ्याची तेवढी सुटका होते.' पेन थांबलं. मी वाट पाहिली.

"ताई," ती हळूच म्हणाली, "हे असं लिवता येते?"

"बोलायचं नाही," पर्यवेक्षक म्हणाले. पेन पुन्हा चालू लागलं, आधीपेक्षा जोरात. त्या ओळीला कागद फाटतो की काय असं वाटलं.

पेपर संपल्यावर आम्ही व्हरांड्यात बसलो. तेव्हा तिनं सांगितलं. तिची चार वर्षांची मुलगी तापानं गेली होती. लोक येऊन बसायचे आणि सांगायचे, मागच्या जन्मी कुनाचं तरी लेकरू तोडलं असशील. "सात वर्सं झाली. मी रोज इचारतो का असं मी काय केलं असन. आज पयल्यांदा वाटलं का हे इचारनारी मी एकटी नाही." आत्तापर्यंत मला एवढंच वाटत होतं की देवानं तिला माझ्यासाठी पाठवलं. तिचा खरबरीत हात हातात घेऊन बसले तेव्हा ध्यानात आलं, मलाही कुणीतरी तिच्यासाठी तिथं बसवलं असेल. सरांनी कलिंगडाच्या फोडी आणल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं बहुतेक, कारण पहिली फोड त्यांनी तिला दिली आणि आमच्याजवळच खाली बसले. मग मॅडम तिला चिचगडला सोडायला गेल्या.

मी पास झाले, चांगल्या गुणांनी झाले. जूनमध्ये दाखला घ्यायला कॉलेजात गेले, तर ऑफिसच्या खिडकीपाशी एक ओळखीचा आवाज. सुशीलाबाई! सोबत तिचा नवरा होता आणि तो म्हणत होता, "शिकते म्हनते तं शिकू द्या, धानाचा रोवना झाला का हिले टाइमच टाइम हाये." ऑफिसातले बाबू तिच्या बी.ए.च्या प्रवेशाचा फॉर्म भरत होते. मराठी लिहिलं, इतिहास लिहिला. तिसऱ्या विषयाशी थांबले.

"तत्त्वज्ञान कायले घेता बाई? त्याच्यानं नौकरी नाही लागत."

"नौकरी मिळन तवा मिळन," ती म्हणाली. "मले इचारायचं हाये."

मी तिथंच उभी राहून हसायला लागले, आणि हसता हसता डोळे भरून आले. त्या दुपारी सभामंडपात जे घडलं त्याला काय म्हणावं, याचा युक्तिवाद मी आजही करू शकते, दोन्ही बाजूंनी. सरांनी तसं शिकवलंय. पण त्या दिवशी खिडकीपाशी मला युक्तिवाद आठवला नाही. एवढंच कळलं की मी हात टेकले तेव्हा मला सांभाळून घेतलं गेलं, आणि तेही एका दुसऱ्या दुखावलेल्या बाईच्या हातानं. बाबूंनी विषय लिहिला. सुशीलाबाईनं सही केली. मी तिच्या पेनाचा आवाज ऐकला आणि तिथंच, ऑफिसच्या गर्दीत, हात जोडले.