मोठेबाबांची वकीलबाई

असे किस्से ठरवून जमत नाहीत. दर रविवारी आमच्या गावाहून, बोरी अरबहून, मोठेबाबांचा व्हिडिओ कॉल येतो आणि एकाची भर पडते. मोठेबाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, घरातला शेवटचा शब्द.

मी इंग्लंडात आंतरराष्ट्रीय कायदा शिकले. आता व्हिसा संपायच्या आत एखाद्या फर्मनं स्पॉन्सर करून नोकरी द्यायला हवी, नाहीतर सामान बांधून परत. मला त्याची धास्ती. मोठेबाबांचा सवाल एकच, “आपल्या दारव्ह्याच्या कोर्टात काय काटे हायेत?”

इथले सॉलिसिटर, म्हणजे मी होणार तसले वकील, बहुतेक वेळ ऑफिसात कागद तयार करतात, असं त्यांना एकदा समजावलं.

“काळा कोट?”

“नाही.”

“जजसमोर उभं राहनं?”

“फारसं नाही.”

पुढच्या रविवारपर्यंत गावभर झालं होतं, पोट्टी तिकडं अर्जनवीस हाय! मी भडकले, तर मोठेबाबा म्हणाले, “मंग लोकायले खोटं सांगू काय?”

*

एकदा फोन थेट शेताच्या बांधावरून आला. “हा धुरा पाय. रहीमनं इकडं सरकवला.”

शेजारच्या शेतातले रहीमचाचा स्क्रीनमध्ये घुसले. “बेटा, याच्याच ट्रॅक्टरनं खाल्ला धुरा, अन् नाव माह्यावर.”

दोन देशांच्या सीमावादावर मी प्रबंध लिहिला होता. त्या जोरावर सांगितलं, “सरकारी मोजणी करून घ्या.”

दोघंही नाराज. “हे तर तलाठीबी सांगते. यासाठी इतक्या दूर गेलती काय?” म्हणत दोघं मिळून चहाला निघाले.

मी म्हटलं, फोन जरा तसाच धरा. मागे कापूस फुटला होता.

“कायले?”

“असंच.”

*

मागच्या उन्हाळ्यात घरी गेले होते, तेव्हा ऑनलाइन इंटरव्ह्यू होता. दार लावून बसते, तर मोठेबाबा इस्त्रीचा सदरा घालून बाजूच्या खुर्चीवर.

“बाहेर जा ना, मोठेबाबा.”

“चार परके लोकं पाहाले येऊन राह्यले, अन् घरचं मोठं माणूस नको?”

इंटरव्ह्यूभर ताठ बसून होते. लॅपटॉप मिटल्यावर म्हणाले, “गाव इचारलं नाही, बाप काय करते इचारलं नाही. अशा घरी पोरगी देऊ नये.”

तेव्हा मी चिडले. पण इथे खरंच गाव कुणी विचारत नाही. मीच सांगते. समोरचा मान हलवतो आणि हवापाण्याचं बोलू लागतो.

*

त्या फर्मचा नकार आला. फार सभ्य मेल होता. तुमचा अर्ज आम्हाला मनापासून आवडला, मात्र आम्ही स्पॉन्सर करत नाही, वगैरे. मोठेबाबांना मराठीत वाचून दाखवला.

“नाही म्हनासाठी इतकं गोड बोलते? आपल्या इकडं हो म्हनतानाही शिव्या देते.”

मी हसले. मग दिवसभर वाटत राहिलं, कुणीतरी शिवी घालून हो म्हणावं.

*

मागच्या आठवड्यात एका फर्मनं हो म्हटलं. स्पॉन्सरशिपसकट! रविवार नव्हता, तरी घरी फोन लावला. आई रडली, बाबा हसले, आणि मोठेबाबांनी फोन ओढून घेतला.

“निकाल लागला म्हनते.”

“हो. तुमच्या विरोधात.”

“म्हंजे तू आता तिकडंच?”

“हो.”

त्यांच्या हातातला फोन खाली गेला. स्क्रीनवर नुसतं छत दिसत होतं आणि फिरणारा पंखा. मग आवाज आला.

“वकीलबाई, याच्यावर अपील कुठं करा लागते?”