साहेबासाठी केलेली बाग

मला फुलांची हौस कधीच नव्हती. आमगावात मात्र सगळे म्हणत, स्टेशनमास्तरांच्या बाईंना फुलांचं भारी वेड. म्हणोत बापडे. मला वेड होतं नागपूरला जायचं. तिथे आई अंथरुणाला खिळली होती आणि तिचं सगळं शेजारणी करत होत्या.

ह्यांनी सांगितलं होतं, "थंडीत मोठा साहेब तपासणीला येतो. त्याला फुलांचा नाद. स्टेशनातली बाग आवडली की मागाल ते देतो. नागपूरकडची बदली मागू." झालं, मी पदर खोचला.

दसरा होताच खोक्यांत शेणखत नि माती चाळून बी टाकलं. फ्लॉक्स, ॲस्टर, पिटुनिया. पिटुनियाचं बी खसखशीहून बारीक. ते वाळूत कालवून पेरायचं आणि केरसुणी पाण्यात बुडवून वरून झटकायची, नाहीतर बी वाहून जातं. विहीर रुळांपलीकडे. बादल्या वाहून खांदे भरून येत. रात्री पाठ टेकली तरी झोप लागत नसे.

रोपं बोटभर झाली आणि मला ताप भरला. पोर्टरच्या बायकोला म्हटलं, एवढी वाफ्यांत लाव. जन्मभर धानाचा पऱ्हा, म्हणजे रोपं, रोवत आलेली बाई ती. तिने वाफ्यांत पाणी बांधलं, चिखल केला आणि चार-चार रोपं एकत्र धरून खोचून दिली. मी कपाळाला हात लावला, तर म्हणाली, "काऊन जी बाई? पऱ्हा त असाच रोवतो आमी. पाण्याबिगर जगंल कसा?" बहुतेक रोपं कुजली. तिचा चेहरा इतका उतरला की मला रागावताही येईना. अंगात त्राणही नव्हतं. उरलेलं बी पुन्हा पेरलं.

माघात बाग फुलली. आता सांगायला हरकत नाही, सुरेख फुलली. साहेब वाफ्यांतून दोनदा फिरला, खिशाला एक ॲस्टर लावला आणि ह्यांना म्हणाला, "बाबू, ऐसा बगीचा पूरी लाइन में नहीं. तुम अभी इधरही रहेगा. दूसरा आदमी सब सुखा देगा."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. बदलीचा शब्द ह्यांच्या तोंडातच राहिला. संध्याकाळी ते खाली मान घालून जेवले. मी तरी कुणाला बोलणार? फुलवली होती मीच.

फाल्गुनात एका सकाळी मी झारी घेऊन वाफ्यात वाकले होते. हे ऑफिसातून बाहेर आले. तारयंत्रावर बसलेले असायचे त्या वेळी, म्हणून मला नवल वाटलं. त्यांनी माझ्या हातातली झारी काढून घेतली.

"राहू दे आता," म्हणाले. "आई गेल्या."

मला त्या फुलांचा संताप आला. पण उपटायलाही अंगात जोर नव्हता. तशीच त्यांच्यात बसून राहिले, आणि नागपूरची गाडी यायला अजून पुष्कळ वेळ होता.