मेंढरांनी दाखवलेली जागा

निमोण्याच्या ओढ्याकाठचं ते काळ्या दगडाचं घर शंभूआबा धनगरांनी बांधलं. त्याआधी त्यांच्या घराण्याला छप्पर म्हणजे पालच. जागा निवडायची त्यांची रीत सरळ: मेंढरं मोकळी सोडायची, ती आपणहून बसतील तिथं पाया खोदायचा. साल दुष्काळाचं, दिवस ज्येष्ठाचे, वारा भणाणलेला. मेंढरं आडोसा बघून खळग्यात बसली. ते ओढ्याचं जुनं पात्र होतं, पण कोरड्या जागेला पाण्याचं विचारतो कोण?

दुसऱ्याच पावसाळ्यात आबांची धाकटी मुलगी अंगणातून वाहून गेली. मग घरात ओल मुरली आणि त्यांची बायको खोकून खोकून गेली. दर वेळी बिरोबाला बकरं कापलं. जागेला बोल लावायची मात्र कुणाची हिंमत झाली नाही. स्पष्टच सांगते, मला या भक्तीचा रागच येतो.

भामाबाई या घरात आबांची सून, म्हस्कूची बायको म्हणून आली. शाळा पाहिलेली नाही, पण डोळे उघडे. दोन हजार पाच साली खालच्या अंगाला रस्त्याचा भराव पडला, ओढ्याची वाट अडली. तिचा मुलगा कोरेगाव भीमाला कंपनीत, शिफ्टवर. सून हर्षदा घरी, दिवस भरत आलेली.

“माळावर पत्रे टाकू. पोरीला हितं बाळंत व्हऊ द्यायची न्हाई मला,” भामाबाई नवऱ्याला म्हणाली.

म्हस्कू चवताळला. “मेंढरांनी दावलेली जागा हाय ही. तुझ्या बापानं न्हाई दावली!”

“व्हय? मग मेंढरांनाच परत इचारा की. का त्यांच्यापरीस तुम्हाला जास्त कळतं?”

हर्षदा पदराआड हसली.

म्हस्कूनं चिडून उरलीसुरली मेंढरं सोडली. वर कवठे गावाच्या अंगाला आभाळ काळंठिक्कर. मेंढरांनी घराकडं पाहिलंही नाही. माळ चढली आणि एकमेकांना खेटून बसली. मग म्हस्कूनंच सुनेची वळकटी माळावर नेली.

“देव ऱ्हायला,” म्हणून परत फिरला.

“आवो, देवाला पाय हायेत, यील त्यो!”

“आबांनी बसवलाय त्याला. आलोच.”

पाणी आलं तेव्हा अजून उजेड होता. भरावाला थटून ते मागं फिरलं. माळावरून घराचा उघडा दरवाजा दिसत होता. तो अर्धा झाला, मग चौकटीचा वरचा दगडच उरला. भामाबाई हाका मारत होती. मेंढरं जागची हलली नाहीत.

ओसरल्यावर म्हस्कू देव्हाऱ्यापुढंच सापडला, घोंगडीत देव बांधलेला. हर्षदाला माळावर मुलगी झाली. त्या घोंगडीची गाठ भामाबाईनं अजून सोडलेली नाही.