अंबाडीचा हौद

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. महिन्यापूर्वी धुळ्याहून आत्माराम गेल्याची तार आली, तेव्हा मला आधी हायसं वाटलं... तेही लिहून टाकतो.

आम्ही दोघं भागीदारीत बांधकामं घेत असू. चुन्याचं काम माझं, नव्या गोष्टींचा नाद त्याचा. पहिल्या महायुद्धात लोखंडी सळई मिळेनाशी झाली. आत्मारामने अंबाडीचे दांडे पाण्यात कुजवून वाख, म्हणजे सालीचे धागे काढले, विंचरले आणि सिमेंटात घालून फरशी पाडली. ती पावसाळाभर अंगणात उघडी टाकली, मग स्वतः तिच्यावर उभा राहिला. मोडली नाही. लोखंडावाचूनही पक्कं बांधता येतं, हे त्याला लोकांना दाखवायचं होतं. म्हणून दोंडाईच्याच्या बाजारात गुरांचा हौद बांधायला घेतला.

भिंती चढवायच्या वेळी त्याची आई आजारी पडली, तो धुळ्याला गेला. काम माझ्यावर आलं. चुना पक्का धरावा म्हणून आम्ही त्यात गुळाचं पाणी घालत आलो. सिमेंट मी फारसं हाताळलेलं नव्हतं. मित्राचा हौद, म्हणून मी त्या सिमेंटातही गूळ घातला, जरा जास्तच.

आत्माराम परत आल्यावर पाणी सोडलं, त्या दिवशी निम्मा हौद भरायच्या आत एक भिंत खाली बसली. बाजार हसला. एक म्हातारा म्हणाला, “भाऊ, हौद कसाले बांधा? अंबाडीनी भाजीच करी खावानी व्हती.” आत्माराम ढिगाऱ्यातला वाख बोटांत चोळत राहिला. पुन्हा त्याने अंबाडीला हात लावला नाही. कोणी विषय काढलाच, तर सिमेंटात वाख टिकत नाही, असं तोच समजावून सांगे.

पुढे जळगावला पुलाच्या कामावर मजुरांनी गुळाच्या पोत्यांतून वाळू आणली, तेव्हा इंजिनिअर त्यांच्यावर भडकला. गोडाने सिमेंट धरत नाही, म्हणाला. मला हौदाच्या भिंतीत घातलेला गूळ आठवला.

अंबाडी किती वर्षं टिकली असती, मला माहीत नाही. कदाचित आतल्या आत कुजलीही असती. पण ते त्याला कधी कळलंच नाही, आणि ते माझ्यामुळे.

शेवटचा भेटलो तेव्हा तो अंथरुणाला खिळला होता. आढ्याकडे बघत म्हणाला, “गणपत, अंबाडीच कमी पडनी ना रे?”

गूळ मी घातला, मला माफ कर... एवढंच म्हणायचं होतं. ओठांवर आलंही होतं.

मी म्हणालो, “अंबाडीच ती. कितली टिकी?”