फांदी लावलेला खड्डा

गोव्यात लाटंबार्शाच्या वळणावर, मोरीपाशी, रस्ता खचला आहे. सुलोचनाचा नवरा धाकू याची टॅक्सी त्या खड्ड्यात आदळून खाली शेतात उलटली आणि त्याचं कमरेखालचं अंग गेलं. पोलिसांनी लिहिलं, चालकाचा निष्काळजीपणा. गुन्हा धाकूवरच. खड्डा ना आरोपी, ना साक्षीदार.

तेव्हापासून सुलोचना खड्डा राखते. बांधकाम खात्याचा इंजिनीयर येऊन बघेपर्यंत तो बुजता कामा नये. बुजला की दोष कायमचा धाकूचा. चवथीच्या आदल्या दिवशी शेजारचा सगुण खड्डा बुजवायला चिऱ्यांचे तुकडे घेऊन आला, तर ही आडवी उभी.

"वयनी, गणपती हाडपाचो आसा. खड्डो काय तुझ्या मांवाचो?"

"घोवाचो. हात लावून बघ." सासऱ्याचा नव्हे, नवऱ्याचा खड्डा.

सगुणने गणपती डोक्यावर घेतला आणि चिखल तुडवत शेतातून घरी नेला. आठवडाभर तो तिच्याशी बोलला नाही.

मग एका सकाळी दूध घालणारी देवकी स्कूटरसकट तिथे पडता पडता वाचली. सुलोचनाने काजूची फांदी तोडली, लाल चिंधी बांधली आणि खड्ड्यात रोवली. इकडे सगळेच असं करतात.

इंजिनीयर आला तो पावसाळा सरल्यावर. गाडीतून उतरला, मोबाइलवर फोटो काढले.

"धोक्याची खूण आहे की इथे."

"ती मी लावली, सायबा. धाकू पडलो तेन्ना कायच नव्हतं."

"तुम्ही लावली हे फोटोत कसं दिसणार? फोटोत खूण दिसते."

सुलोचनाने फांदी उपटली. "आता काढा फोटो."

"बाई, पुराव्याला हात लावायचा नाही," तो म्हणाला आणि गाडीत बसला.

गाडी गेली. रस्ता होता तसाच, भूक न भागलेल्या तोंडासारखा उघडा. फांदी परत लावली तर 'खूण होती, चालकानेच बघितली नाही' हे खात्याचं म्हणणं खरं ठरणार. वळणापलीकडून स्कूटरचा आवाज जवळ येत होता. तिने खात्याच्या नावाने एक घाणेरडी शिवी हासडली आणि फांदी रोवून पायाने दाबायला लागली.

स्कूटरवाला कचकन ब्रेक मारून तिला चुकवत गेला.

"वाटेर कितें करता गो? मरूंक जाय काय?"

ती दाबत राहिली.