पाळणाघराचे अंबादासअण्णा

अंबादासअण्णांना साठ वर्षं पूर्ण झाली म्हणून 'लोखंडी पाळणा' या बँडच्या चाहत्यांनी हा गौरवग्रंथ काढायचं ठरवलं आणि माझ्याकडेही चार शब्द मागितले. बँडचं नाव ऐकलं तेव्हाच मी म्हणाले होते, पाळणा लोखंडी असो की लाकडी, आतलं पोरगं तर केकाटतंयच की. माझं मत अजून तेच आहे. पण अण्णांविषयी लिहायचं तर मी नाही म्हणणार नाही.

अण्णांची माझी पहिली गाठ भांडणात पडली. सोलापुरात साखर पेठेत त्यांचा इंटरनेट कॅफे होता. घराणं विणकरांचं, पण अण्णांनी हातमाग हलवून तिथं कॉम्प्युटर मांडले होते. माझा नातू महेश, लेकीचा लेक, माझ्याजवळच वाढलेला. शाळा सुटली की तो तिकडे पळायचा. एक दिवस मी चप्पल हातात घेऊनच आत शिरले.

"काय दावताय वो पोरास्नी हितं?"

"बसा की मावशी, तुमी बी ऐका," म्हणत त्यांनी हेडफोन सरळ माझ्या कानाला लावला.

कानात गिरणीचा भोंगा आणि कुत्र्यांचं भांडण एकदमच सुरू झालं.

"ह्याला गाणं म्हनत्यात व्हय?"

"न्हाय आवडलं?"

"आवडायला जागा तर ठेवा की त्यात!"

अण्णा इतके हसले की मला चप्पल पायात घालावीच लागली.

त्याच दुकानात अण्णांनी या बँडच्या चाहत्यांची साइट उघडली. नाव ठेवलं 'पाळणाघर'. आत यायचं तर बँडच्या गाण्याचं एक कडवं आपल्या आवाजात गाऊन पाठवायचं, हा अण्णांचा नियम. त्याला सगळे 'पहिलं रडणं' म्हणायचे. त्याला कुणी हसायचं नाही, हा दुसरा नियम. अक्कलकोटची एक कानडी बोलणारी मुलगी गायली, तेव्हा अण्णांचा जवळचा मित्र तिच्या मराठीला हसला. अण्णांनी त्यालाच बाहेर काढलं. "हितं समदी तान्ही हायेत. तान्ह्याला कोन हसतं का?" एवढंच म्हणाले. अकलूज, जेऊर, कुठून कुठून पोरं आली. एकमेकांची तोंडं न बघता एकमेकांच्या घरची दुखणी त्यांना ठाऊक असायची.

महेश कॉलेजात असताना तापानं गेला. त्या दिवसांत अण्णा केस वाढवलेली पोरं घेऊन जुळे सोलापुरात आमच्या घरी आले. एकानं गळा काढला, तर अण्णांनी त्याला कोपरानं ढोसलं. "हळू रड. मावशीला आरडाओरडा चालत न्हाय." खरंच चालत नाही. त्यांनी ते ध्यानात ठेवलं होतं.

मग अण्णा दर शनिवारी स्कूटरवरून यायला लागले. ते खुर्चीवर कधी बसले नाहीत, माझ्यासमोर फरशीवर बसायचे आणि मोबाईलवर साइट उघडून महेशचं पहिलं रडणं लावून हेडफोन माझ्या कानाला द्यायचे. पोराचा आवाज तेव्हा नुकता फुटत होता. गाताना मधेच चिरकायचा. आणि मागून मी ओरडलेली ऐकू यायची, "म्हेशा, दळन आन की रं!" तो गाणं तोडून म्हणायचा, "आलो गं!" आणि पुन्हा तिथूनच उचलायचा. माझ्याकडे त्याचे फोटो आहेत, आवाज तेवढा एकच होता.

पुढे जुना गायक बँड सोडून गेला, नवा आला, आणि पाळणाघर फुटलं. जुन्याचे चाहते एकीकडे, नव्याचे दुसरीकडे. साइट चालू ठेवायचं काम त्यांनी आपसात वाटून घेतलं होतं आणि अबोला धरून बसले. पैसे भरून साइटची मुदत वाढवायची दरवर्षीची वेळ आली तेव्हा ह्यांना वाटलं ते बघतील, त्यांना वाटलं हे. साइट बंद पडली. नावं, फोटो लोकांनी आपापल्या फोनवर घेतले होते. आवाज कुणीच उतरवून घेतले नव्हते. सगळ्यांची पहिली रडणी गेली. या ग्रंथाचे वाचक तेच आहेत, म्हणून तोंडावर सांगते. एका परक्या गायकासाठी भांडलात आणि घरचे आवाज घालवलेत.

तेव्हा कुणीतरी अण्णांना सुचवलं, दुसऱ्या पोराकडून गाऊन घेऊ, म्हातारीला काय कळतंय. अण्णांनी ऐकलं नाही. शनिवारी ते आले, हेडफोन न घेता. फरशीवर बसले आणि म्हणाले, "मावशी, गेला आवाज. मी दोनी बाजूंची समजूत काढत बसलो आन् त्यो जपायचा ऱ्हायला. चूक माझीच हाय."

मी म्हणाले, "च्या घेनार का?"

ते रडायला लागले. एवढा मोठा माणूस. मी चहा केला, कप त्यांच्यापुढे ठेवला आणि विचारलं, "तुमाला ध्यानात हाय का, कसा म्हनायचा?"

"हाय."

"मग म्हना."

अण्णांना गाता येत नाही. पण ते गायले. जिथं पोराचा आवाज चिरकायचा, बरोबर तिथं त्यांनी चिरकावला. मी ओरडायचे ती जागा आली आणि ते थांबले. पोराचे दोन शब्द त्यांनी आपल्या तोंडून काढले नाहीत. तेवढा वेळ नुसते गप्प बसले, मग पुन्हा तिथूनच उचललं. दुसऱ्या कुणाला इतकी समज असती असं मला वाटत नाही.

अण्णा अजून शनिवारी येतात आणि गातात. गाणं मला आजही आवडत नाही.

अण्णा, साठी झाली म्हणून लोक तुम्हाला शाल देतील, हार घालतील. मी एवढंच सांगते. तो तंबाखूचा मावा खायचा सोडा. बीपीची गोळी चुकवू नका. स्कूटर हळू चालवा. तब्येत सांभाळून शंभर वर्षं जगा, हा नुसता आशीर्वाद समजू नका, माझी गरज आहे. महेश कसा गायचा हे आता तुम्हाला आणि मला, दोघांनाच ठाऊक आहे, आणि मी काही फार दिवस पुरणार नाही.